निरोगी स्तन, स्तनार्बुद आणि प्रतिकारपेशींच्या ओळखखुणा : एक ऐतिहासिक परामर्श

स्तनाच्या कर्करोगाचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता कर्कपेशींच्या भोवती, आणि काही वेळा त्यांच्या गर्दीतही, लहान, गोल व गडद केंद्रकाच्या पेशी दृष्टीस पडतात. या लसीकापेशी, अर्थात लिंफोसाइट. त्या तेथे का आल्या, कोणाच्या बाजूने आल्या, आणि त्यांच्या संख्येवरून रुग्ण स्त्रीच्या भवितव्याविषयी काही सांगता येईल काय, हे प्रश्न विकृतिशास्त्राच्या आरंभापासून विचारले गेले आहेत. त्यांची उत्तरे मात्र वारंवार बदलत गेली. या बदलांचे श्रेय सामान्यतः नव्या उपकरणांना व रंजनपद्धतींना दिले जाते, आणि ते अंशतः योग्यही आहे. परंतु हा इतिहास बारकाईने पाहिला असता आणखी एक गोष्ट लक्षात येते. ती ही की, अर्बुदातील या पेशींचा विचार १८६३ पासून होत होता, आणि निरोगी स्तनात त्या किती व कोठे असतात याची पद्धतशीर पाहणी १९८५ च्या सुमारास होऊ लागली. मधल्या सव्वाशे वर्षांत जी मापे घेतली गेली त्यांना पाया नव्हता. अर्बुदात लसीकापेशी 'पुष्कळ' आहेत असे म्हणताना कशाच्या मानाने पुष्कळ, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. या एका उणिवेमुळे कोणते वाद निर्माण झाले आणि त्यांपैकी किती अजूनही मिटलेले नाहीत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूडोल्फ विर्खो यांनी १८६३ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध केलेल्या अर्बुदविषयक व्याख्यानांत अर्बुदांमध्ये श्वेतपेशी आढळतात याची नोंद केली आणि दीर्घकालीन क्षोभातून वा दाहातून अर्बुद उद्भवते असे प्रतिपादन केले. विर्खो यांच्या दृष्टीने या पेशी शत्रूवर चालून आलेले सैन्य नव्हते. ज्या भूमीत अर्बुद उगवते त्या भूमीची ती खूण होती. शिवाय कर्कपेशी संयोजी ऊतकातून उपजतात असे त्यांचे मत असल्याने भोवतालच्या लहान पेशी आणि कर्कपेशी यांमध्ये काटेकोर सीमा आखण्याचे त्यांना कारणही नव्हते. टीयर्श यांनी १८६५ मध्ये व वाल्डायर यांनी १८६७ मध्ये कर्कपेशींचे मूळ अस्तरपेशींत असल्याचे दाखविले, तेव्हा या गोल पेशी कर्कपेशींच्या गोत्रातून बाहेर पडल्या. पण त्यांना दुसरे गोत्र मिळाले नाही. 'गोल पेशींचा शिरकाव' एवढ्याच वर्णनावर विकृतिशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे समाधान मानावे लागले.

त्या पेशी शरीराच्या बाजूने लढत असाव्यात ही कल्पना विसाव्या शतकाची आहे. शरीरात प्रतिकारशक्ती नसती तर कर्करोग आहे त्याहून कितीतरी अधिक वेळा आढळला असता, असे पाउल एर्लिख यांनी १९०९ मध्ये म्हटले. पण त्यामागे प्रयोग नव्हता. प्रयोग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जेम्स मर्फी यांनी केले. परक्या प्राण्याचे अर्बुद कोंबडीच्या गर्भात वाढते, पण त्याच गर्भावर प्रौढ कोंबडीच्या प्लीहेचा तुकडा रोपला तर ते वाढत नाही, असे त्यांना आढळले. आणि या विरोधाचे कर्तृत्व त्यांनी लसीकापेशींकडे दिले. त्यांचा यासंबंधीचा प्रबंध १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज वाचताना मर्फी यांचे म्हणणे आश्चर्यकारक रीतीने अचूक वाटते, परंतु समकालीनांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. कारण लसीकापेशीचे शरीरातील काम काय हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते, आणि जिचे काम ठाऊक नाही तिच्याकडे पराक्रम सोपविणे शास्त्रज्ञांना धाडसाचे वाटत होते.

याच सुमारास मेयो क्लिनिकमध्ये विल्यम मॅकार्टी हे दुसऱ्याच वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेली अर्बुदे जपून ठेवली होती, आणि त्या रुग्णांपैकी कोण किती वर्षे जगले याच्या नोंदी मिळविल्या होत्या. १९२२ मध्ये त्यांनी २९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शल्यविशारद सिस्ट्रंक यांच्यासमवेत, संपूर्ण स्तन काढलेल्या २१८ रुग्णांचाही. ज्या अर्बुदांत लसीकापेशींचा शिरकाव होता, तंतुमय ऊतक वाढले होते आणि कर्कपेशी मूळच्या अस्तरपेशींशी साम्य राखून होत्या, त्यांचे रुग्ण अधिक काळ जगले होते. स्तनार्बुदातील लसीकापेशींचा आयुर्मर्यादेशी संबंध जोडणारे हे पहिले महत्त्वाचे काम होय. मॅकार्टी यांच्याजवळ ओळखखुणा नव्हत्या, संख्याशास्त्राची आधुनिक साधने नव्हती. होता तो चिकाटीने ठेवलेला पत्रव्यवहार. त्या पेशींचे काम कळण्यास यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. लसीकापेशी रक्तातून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात फिरत राहतात व प्रतिकाराची प्रतिक्रिया त्याच सुरू करतात, हे ऑक्सफर्डचे जेम्स गाउअन्स यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून दाखविले. थायमस ग्रंथीचे कार्य झाक मिलर यांनी लंडन येथे १९६१ मध्ये उलगडले. थायमसमधून येणाऱ्या टी आणि अस्थिमज्जेतून येणाऱ्या बी अशा दोन जाती आहेत, हे १९६८ पर्यंत स्पष्ट झाले.

दरम्यान विकृतिशास्त्रज्ञांची मोजणी चालूच होती. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मूर आणि फूट यांनी स्तनाच्या 'मेड्युलरी' कर्करोगाचे वर्णन केले. या अर्बुदातील पेशी ओबडधोबड, झपाट्याने विभागणाऱ्या व दिसण्यास अतिशय दुष्ट. त्याच्या कडा मात्र रेखीव आणि भोवती लसीकापेशींची दाट वस्ती. रूपावरून जे भाकीत करावे त्याच्या उलट, या स्त्रिया इतर रुग्णांहून अधिक जगत होत्या. हा विरोधाभास पुढील संशोधकांच्या मनात घर करून राहिला. रिडॉल्फी व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या प्रकाराचे निकष कडक केले, तरी कोणते अर्बुद खरे मेड्युलरी आणि कोणते नुसते त्यासारखे, याविषयी एकाच छेदाकडे पाहणाऱ्या दोन तज्ज्ञांचे एकमत होणे दुर्घटच राहिले.

मॉरिस ब्लॅक यांचे कार्य या संदर्भात थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण त्यात हेतू उत्तम असूनही माप कसे फसते याचा नमुना आढळतो. ब्लॅक व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये काखेतील लसीकाग्रंथींकडे लक्ष वेधले. कर्करोग पसरला असो वा नसो, ज्या स्त्रियांच्या ग्रंथींतील पोकळ्यांत महाभक्षी जातीच्या पेशी भरलेल्या असतात त्या अधिक जगतात, असे त्यांचे निरीक्षण होते. १९५५ मध्ये त्यांनी अर्बुदाची रचना आणि ग्रंथींची रचना एकत्र करून रोगाच्या वाटचालीचा अंदाज बांधण्याची पद्धती मांडली. कर्करोगाकडे केवळ आक्रमकाच्या बाजूने न पाहता यजमान शरीराच्या बाजूने पाहावे, हा त्यामागील विचार त्या काळी नवा होता. परंतु १९५६ मध्येच जॉन बर्ग यांनी हे प्रतिकाराचे फसवे माप आहे अशी टीका केली, आणि पुढील पडताळण्यांत निष्कर्ष कधी जुळले, कधी जुळले नाहीत. मुळात ग्रंथीतील पोकळ्या अशा भरणे ही गोष्ट कर्करोगाविना इतर अनेक कारणांनीही घडते. निरोगी स्त्रियांच्या काखेतील ग्रंथी कोणत्या वयात कशा दिसतात याचे कोष्टक हाताशी असते तर हा वाद इतका लांबला नसता. आयोना हॅम्लिन यांनी १९६८ मध्ये लसीकापेशी, प्लाझ्मा पेशी व ग्रंथीतील बदल यांना एकत्रित गुण देऊन पुन्हा अनुकूल निष्कर्ष काढला. पण गुण देण्याची रीत प्रत्येकाची निराळी, त्यामुळे तुलना अशक्यच होती.

तात्त्विक बाजूसही याच काळात उधाण आले होते. रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांनी १९५७ मध्ये एकाच वंशाच्या उंदरांत रसायनाने निर्माण केलेल्या अर्बुदांविरुद्ध प्रतिकार उत्पन्न होऊ शकतो हे सिद्ध केले. त्याच वर्षी मॅकफार्लेन बर्नेट यांनी, आणि १९५९ मध्ये लुईस टॉमस यांनी, प्रतिकारयंत्रणा शरीरात सतत गस्त घालून नवजात कर्कपेशी नष्ट करते अशी उपपत्ती मांडली. १९७४ मध्ये ओसिआस स्टटमन यांनी थायमस नसलेल्या केशहीन उंदरांत रसायनजन्य अर्बुदे अधिक होत नाहीत असे दाखविले, तेव्हा ही उपपत्ती बरीच मागे पडली. २००१ मध्ये सेंट लुईस येथील श्रायबर यांच्या गटाने लसीकापेशीच नसलेले उंदीर वापरले आणि त्यांत अर्बुदे खरोखरच अधिक होतात असे दाखविले. लसीकापेशींच्या जोडीला इंटरफेरॉनचा संदेश पोहोचविणारे एक प्रथिनही नसलेल्या त्यांच्या काही उंदरांना तर स्तनाचीच अर्बुदे झाली. केशहीन उंदरांत प्रतिकारपेशी अगदीच नसतात असे नाही, हे स्टटमन यांच्या प्रयोगानंतर कळले होते.

परंतु उंदराच्या स्तनार्बुदाने त्याआधीच एक उलटी गोष्ट शिकविली होती, आणि तिचा संबंध मुंबईशीही आहे. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत असे दाखविले की, विशिष्ट वंशातील उंदरांत स्तनार्बुदाचे कारण आईच्या दुधातून पिलाकडे जाते. पिलू दुसऱ्या वंशाच्या उंदरीच्या अंगावर पाजले तर अर्बुदे फारच कमी होतात. हा 'दुग्धघटक' म्हणजे विषाणू होता. परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या कमल रणदिवे यांनी उंदरातील स्तनार्बुद, त्याचा विषाणू आणि अंतःस्रावांशी असलेला त्याचा संबंध यांवर दीर्घकाळ काम केले. मुंबईतील पारशी स्त्रियांत या रोगाचे प्रमाण अधिक असल्याने त्यांच्या दुधाची तपासणीही अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने झाली आणि तिचा वृत्तांत १९७१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आला. मानवी स्तनाच्या कर्करोगास असा विषाणू कारण होतो हे मात्र अद्यापि सिद्ध झालेले नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. १९६४ मध्ये मार्टिनेझ यांनी नवजात पिलांची थायमस ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्यांना स्तनार्बुदे अधिक न होता कमी झाली. प्रतिकार दुबळा केला आणि रोग हटला, हे गस्तीच्या उपपत्तीत कोठेच बसत नव्हते. उलगडा १९९१ मध्ये झाला. विषाणू पिलाच्या आतड्यातून प्रथम लसीकापेशींत शिरतो. त्याचे एक प्रथिन टी-पेशींना मोठ्या संख्येने चेतविते. त्या गडबडीत संसर्ग झालेल्या पेशी वाढतात आणि विषाणूला स्तनापर्यंत वाहून नेतात. म्हणजे येथे पहारेकरीच पालखीचा भोई झाला होता. स्तनात लसीकापेशी दिसली की ती संरक्षणासाठीच आली आहे, असे गृहीत धरणाऱ्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

निरोगी स्तनाकडे संशोधकांचे लक्ष गेले ते कर्करोगाच्या निमित्ताने नव्हे, दुधाच्या निमित्ताने. स्वीडनचे लार्स हान्सन यांनी १९६० च्या सुमारास आईच्या दुधातील प्रतिपिंडे रक्तातील प्रतिपिंडांहून वेगळी असल्याचे दाखविले, आणि टोमासी व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये या स्रावी 'आयजी-ए'चे स्वरूप निश्चित केले. चिकात ही प्रतिपिंडे विपुल असतात. ती तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी बाळंतिणीच्या स्तनात वस्तीस येतात व नलिकांच्या अस्तरपेशी ती प्रतिपिंडे आत घेऊन दुधात सोडतात. आतडे आणि श्वासमार्ग यांप्रमाणेच स्तन हाही प्रतिकारयंत्रणेचा एक अवयव आहे, असा याचा अर्थ होता. कर्करोगाच्या अभ्यासकांपर्यंत तो पोहोचण्यास वेळ लागला. १९८० मध्ये न्यूमन, ऑर्मरॉड व ग्रीव्ह्ज यांना दूध देणाऱ्या स्तनाच्या अस्तरपेशींवर 'एचएलए-डीआर' हा रेणू आढळला. हा रेणू टी-पेशींपुढे परका पदार्थ सादर करणाऱ्या प्रतिकारपेशींचा विशेष मानला जात असे. त्यामुळे अर्बुदाच्या पेशींवर तो दिसला तर ती विकृती समजावी की दुग्धावस्थेची स्मृती, हा प्रश्न निर्माण झाला. एचएलए रेणूंचा जो पहिला वर्ग शरीरातील बहुतेक पेशींवर असतो, तो निरोगी स्तनाच्या अस्तरावर असून पुष्कळ स्तनार्बुदांत लोपलेला असतो, असे फ्लेमिंग व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नोंदविले. टी-पेशी याच रेणूवरून आपले लक्ष्य ओळखते. तो टाकून दिलेली कर्कपेशी तिच्या नजरेतून निसटू शकते.

येथवर 'ओळखखूण' हा शब्द सैलपणे वापरला. तिला काटेकोर अर्थ आला तो प्रतिपिंडांच्या तंत्रामुळे. आल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला प्रकाशमान रंग जोडून ऊतकातील प्रतिजन दृश्य केला. नाकाने व पिअर्स यांनी १९६६ मध्ये त्या जागी विकर जोडले, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाने काम भागू लागले. १९७५ मध्ये कोहलर व मिल्स्टाइन यांनी एकाच वंशाच्या पेशींपासून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची युक्ती शोधली, आणि अल्पावधीतच निरनिराळ्या प्रयोगशाळांतून लसीकापेशींवरील रेणूंसाठी प्रतिपिंडांचा पूर लोटला. एकाच रेणूला एका कंपनीचे नाव ओकेटी ८, दुसरीचे ल्यू २. हा गोंधळ आवरण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिस येथे परिषद भरली व 'सीडी' क्रमांकांची पद्धत रूढ झाली. मारक टी-पेशींची खूण सीडी ८, साहाय्यक टी-पेशींची सीडी ४, बी-पेशींची सीडी २०, महाभक्षींची सीडी ६८, ही नावे तेव्हापासूनची व त्यानंतरच्या परिषदांतली.

एक व्यावहारिक अडचण मात्र होती, आणि तिचा परिणाम इतिहासग्रंथांत सहसा दाखविला जातो त्याहून मोठा आहे. आरंभीची बहुतेक प्रतिपिंडे फक्त ताज्या, गोठविलेल्या ऊतकावर चालत. रुग्णालयांच्या कपाटांतून फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात बसविलेले हजारो तुकडे, रुग्णांच्या पुढील आयुष्याच्या नोंदींसह, पडून होते. पण फॉर्मेलिनने प्रतिजनांची रूपे झाकून टाकली होती. १९९१ मध्ये शी व सहकाऱ्यांनी असे छेद पाण्यात वा क्षारद्रावणात बुडवून मायक्रोवेव्ह भट्टीत तापविले, आणि झाकलेले प्रतिजन पुन्हा उघडे झाले. स्वयंपाकघरातील या उपकरणाने जुनी दफ्तरे वाचनीय केली. नॉटिंगहॅम येथील १,३३४ रुग्णांच्या संग्रहावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला सीडी ८ पेशींचा अभ्यास यामुळेच शक्य झाला. ज्यांच्या अर्बुदात या पेशी अधिक त्या स्त्रियांचे आयुष्य अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. मॅकार्टी यांनी ८९ वर्षांपूर्वी जे पाहिले होते त्यातील एका जातीला आता नाव मिळाले होते.

निरोगी ऊतकाची पाहणी अखेर १९८५ मध्ये पुढे आली. ऑक्सफर्डचे डेव्हिड फर्ग्युसन यांनी निरोगी स्तनाच्या नलिकांचे व खंडिकांचे अस्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा अस्तरपेशींच्या मधोमध लसीकापेशी व महाभक्षी पेशी वस्ती करून असल्याचे आढळले. दाह नाही, जखम नाही, अर्बुद नाही. आणि तरीही त्या तेथे होत्या. त्याच वर्षी ल्विन, झुकारिनी, स्लोन व बेव्हर्ली यांनी एकवंशीय प्रतिपिंडे वापरून निरुपद्रवी व दुष्ट अशा दोन्ही प्रकारच्या स्तनऊतकांतील श्वेतपेशींची जागा निश्चित करण्याचा प्रयत्न केला. मेयो क्लिनिकच्या एमी डेग्निम व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच काम संख्येने केले. निरोगी खंडिकांच्या अस्तरालगत सीडी ८ जातीच्या टी-पेशी आणि सीडी ११सी खुणेच्या शाखायुक्त पेशी नियमाने असतात, बी-पेशी विरळ असतात, असे त्यांना दिसले. ज्या पेशी अर्बुदात सापडल्या म्हणून त्यांना आक्रमणास दिलेले उत्तर समजले गेले, त्यांतील काही तरी आधीपासूनच्या रहिवासी होत्या.

शिवाय निरोगी स्तन ही एक स्थिर वस्तू नाही. ऋतुचक्राबरोबर त्याच्या पेशी वाढतात व मरतात. गर्भारपणात तो जवळजवळ नव्याने घडतो. अंगावरचे दूध तुटले की काही आठवड्यांत ते सारे बांधकाम उतरविले जाते. प्रतिकारपेशी या कामातील मजूर आहेत. गूआँ-एव्हान्स, रोथेनबर्ग व पोलार्ड यांनी २००० मध्ये दाखविले की, महाभक्षी व इओसिनोफिल पेशींवाचून उंदराच्या स्तनाच्या नलिका नीट फुटतच नाहीत. पुढील वर्षी पोलार्ड यांच्याच गटाने महाभक्षींची वाढ घडविणारा घटक नसलेल्या उंदरांत स्तनार्बुदे उद्भवतात पण दुष्ट अवस्थेकडे सावकाश जातात आणि फुप्फुसांत क्वचित पसरतात असे सिद्ध केले. त्याआधी, १९९६ मध्ये, ऑक्सफर्डच्या लीक व सहकाऱ्यांना मानवी अर्बुदांत महाभक्षींची दाटी, रक्तवाहिन्यांची वाढ आणि प्रतिकूल परिणाम या तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्या होत्या. म्हणजे अर्बुदाने नवा मजूर आणलेला नाही. घर बांधण्यासाठी असलेलाच त्याने आपल्या कामास लावला आहे. दूध तुटल्यानंतरच्या अवस्थेविषयी २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदरातील जनुकांचे वाचन केले, तेव्हा जखम भरून येताना दिसतात तसेच प्रतिकारयंत्रणेचे संदेश तेथे आढळले. पेपर शेडिन यांनी यावरून असे सुचविले की, बाळंतपणानंतरच्या वर्षांत आढळणारे कर्करोग अधिक जोरदार असतात त्याचे एक कारण या अवस्थेत असावे. अशा स्थितीत 'निरोगी' नमुना घेताना त्या स्त्रीचे वय, पाळीचा दिवस, शेवटचे बाळंतपण यांची नोंद नसेल तर तो नमुना तुलनेस निरुपयोगी ठरतो; आणि जुन्या अभ्यासांत ती बहुधा नसते.

अर्बुदांच्या बाजूसही अशीच सरमिसळ झालेली होती. सर्व स्तनार्बुदे एकत्र मोजली जात. वस्तुतः ज्या अर्बुदांत ईस्ट्रोजेनचे ग्राहक असतात ती सावकाश वाढतात व त्यांत लसीकापेशी थोड्या असतात; ज्यांत ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर २ यांपैकी काहीच नसते ती 'ट्रिपल निगेटिव्ह' अर्बुदे झपाट्याने वाढतात व त्यांतच लसीकापेशींची दाटी आढळते. भारतीय स्त्रियांत या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून अधिक असल्याने हा भेद येथे विशेष महत्त्वाचा आहे. दोन्ही प्रकार एकाच गठ्ठ्यात बांधले की लसीकापेशींचा अनुकूल परिणाम आणि अर्बुदाची मूळची दुष्टता एकमेकींना झाकून टाकतात. ब्लॅक व हॅम्लिन यांच्या काळातील परस्परविरोधी निष्कर्षांचे बरेचसे स्पष्टीकरण येथे मिळते. मूर व फूट यांचा विरोधाभासही असाच सुटतो, कारण मेड्युलरी अर्बुदे बहुतांशी ट्रिपल निगेटिव्ह असतात.

हा भेद लक्षात घेऊन केलेली मोठी कामे गेल्या पंधरासोळा वर्षांतील आहेत. जर्मनीतील कार्स्टन डेन्कर्ट यांनी २०१० मध्ये उपचारापूर्वी घेतलेल्या १,०५८ नमुन्यांवरून दाखविले की, लसीकापेशी अधिक असलेली अर्बुदे रसायनोपचाराने पूर्णपणे नाहीशी होण्याचा संभव अधिक असतो. शेरीन लोई यांनी २०१३ मध्ये २,००९ रुग्णांच्या एका चाचणीवरून ट्रिपल निगेटिव्ह प्रकारातील अनुकूल संबंध स्पष्ट केला. डेन्कर्ट यांनीच २०१८ मध्ये ३,७७१ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा ईस्ट्रोजेनग्राहक असलेल्या, हर २ नसलेल्या अर्बुदांत लसीकापेशींची वाढ उलट प्रतिकूल ठरली. तीच पेशी, तोच अवयव, आणि निर्णय दोन! यातील मौजेचा भाग असा की, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मोजणीचे जे नियम ठरविले त्यांत एकही आधुनिक ओळखखूण नाही. हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या शंभर वर्षांपूर्वीच्याच रंगांनी रंगविलेल्या छेदात कर्कपेशींमधील आधार-ऊतकाचा शेकडा किती भाग लसीकापेशींनी व्यापला आहे ते पाहावे, इतकेच त्यात सांगितले आहे. वेगवेगळ्या देशांतील विकृतिशास्त्रज्ञांना सारख्या रीतीने करता येईल असे माप तेच होते.

ओळखखूण औषधाच्या चिठ्ठीशी बांधली गेली की काय घडते, हे पीडी-एल १ च्या उदाहरणात दिसते. हा रेणू टी-पेशीवरील पीडी-१ ला चिकटून तिला थोपवितो. ते थोपविणे दूर करण्याच्या संशोधनास २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये ॲटेझोलिझुमॅब हे औषध पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह रोगासाठी मान्य झाले, ते अर्बुदातील प्रतिकारपेशींवर पीडी-एल १ असेल तरच. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या रोगापुरती ही मान्यता तेथे उत्पादकानेच मागे घेतली. पेंब्रोलिझुमॅब हे दुसरे औषध नोव्हेंबर २०२० मध्ये मान्य झाले, पण त्यासाठीची परीक्षा वेगळी, प्रतिपिंड वेगळे, आणि मोजणीत प्रतिकारपेशींबरोबर कर्कपेशीही धरलेल्या. त्यामुळे तीच स्त्री एका परीक्षेत पात्र आणि दुसरीत अपात्र ठरू शकते. जुलै २०२१ मध्ये हेच औषध आरंभीच्या अवस्थेतील रोगासाठी मान्य झाले, तेव्हा पीडी-एल १ ची अटच नव्हती. चाचणीत ही खूण असलेल्या स्त्रियांना अधिक चांगला गुण आला होता खरा. पण तो पेंब्रोलिझुमॅब न दिलेल्या गटातही आला होता. खूण अर्बुदातील प्रतिकाराची एकंदर जागरूकता दाखवीत होती, औषधाची गरज नव्हे.

निरोगी ऊतक मिळविण्याची अडचण या साऱ्याच्या मुळाशी राहिली. पूर्वी बहुधा अर्बुदाशेजारचाच तुकडा 'निरोगी' म्हणून घेतला जाई. पण ज्या स्तनात कर्करोग आहे त्याचा दूरचा भागही निर्विकार मानता येत नाही. आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतील ऊतक त्याहून बरे, तरी त्या स्त्रिया सर्वसामान्य स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणता येत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात निरोगी स्त्रियांनी स्वेच्छेने दिलेल्या स्तनऊतकाची पेढी सुरू झाली, ही म्हणून या इतिहासातील एक महत्त्वाची घटना गणली पाहिजे. आझिझी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आठ अर्बुदे आणि त्याच स्त्रियांचे निरोगी ऊतक, रक्त व लसीकाग्रंथी यांतील ४५,००० प्रतिकारपेशी एकेक करून वाचल्या. अर्बुदातील व निरोगी स्तनातील प्रतिकारपेशींत बरेच साम्य निघाले. अर्बुदात मात्र त्यांच्या अवस्थांची श्रेणी अधिक रुंद होती. टी-पेशी तेथे ठराविक चार-दोन कप्प्यांत बसत नव्हत्या, त्यांच्या अवस्था एकमेकींत सलगपणे मिसळत होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढ मानवी स्तनाच्या नकाशात १२६ स्त्रियांच्या ७,१४,३३१ पेशी आहेत, आणि त्यांत ऊतकनिवासी प्रतिकारपेशी अपेक्षेहून पुष्कळ निघाल्या. या नकाशासाठी घेतलेले ऊतक मुख्यत्वे आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियांतून, खबरदारी म्हणून काढलेल्या स्तनांतून आणि कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या दुसऱ्या बाजूच्या स्तनांतून आलेले आहे.